गुडघ्यावर चीर पडलीये, सरळ ठेवला की मिटते आणि वाकवला की उघडते. टाके लागतील का?

घसरलोपडलो | रात्री 8:40

मंडळी, जरा पटकन सांगा. आज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सायकलवरून पडलो, वळणावर बारीक खडी होती आणि मी नको तिथे ब्रेक मारला, पुढचं चाक सटकलं आणि उजवा गुडघा थेट दगडाच्या कडेवर आपटला. तळहात, कोपर वगैरे खरचटलंय त्याचं काही नाही, पण गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला साधारण तीनेक सेंटिमीटरची चीर आहे. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ नाहीत, जरा फाटल्यासारख्या आहेत, आणि आजूबाजूला जिथे खरचटलंय तिथे काळे काळे कण अडकलेत.

गंमत अशी की पाय लांब करून बसलो की नुसती रेघ दिसते, वाटतं काय एवढंसं. पण वाकवला की तोंड उघडावं तशी उघडते आणि आत पिवळसर, दाणेदार काहीतरी दिसतं. पाचसहा वेळा वाकवून बघितलं, दर वेळी तेच.

रक्त सुरुवातीला बऱ्यापैकी आलं, रुमाल दाबून धरला, मिनिटामिनिटाला उचलून बघत होतो थांबलं का, शेवटी अर्ध्या तासाने थांबलं. मग घरात स्पिरिटची बाटली होती ती ओतली (आयुष्यात परत ओतणार नाही). अजून एक, चिरेच्या खाली आतल्या बाजूला बोट फिरवलं तर कातडी बधिर लागतेय.

बायको म्हणते आत्ता चल, मी म्हणतोय सकाळी बघू. दोन बँडएड आडव्या लावल्या तर चिकटून येईल ना? लंगडत का होईना पण चालता येतंय. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं आठवत नाही, बहुतेक शाळेत असताना.

टिवल्याबावल्या | रात्री 8:52

पहिलं म्हणजे वाकवून वाकवून बघणं बंद कर. दुसरं म्हणजे वहिनींचं ऐक. बाकी जाणकार सांगतीलच.

रात्रपाळी | रात्री 9:10

अकरा वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे, त्यामुळे असले गुडघे रोजचेच. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून सांगते, आज रात्रीच जा, सकाळची वाट बघू नका. का ते सांगते म्हणजे पटेल.

आत जे पिवळसर दाणेदार दिसतंय ती कातडीखालची चरबी आहे. म्हणजे कातडीचा पूर्ण थर फाटलाय. नुसतं खरचटलं असतं तर गुलाबी ओला भाग आणि त्यावर बारीक रक्ताचे ठिपके दिसले असते, ते आपलं आपण भरतं. पण कातडी आरपार गेली, कडा आपोआप एकमेकींना टेकत नाहीत, आणि जखम सांध्यावर आहे, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की टाक्यांचा विचार करावाच लागतो. गुडघ्यावरची कातडी दर पावलाला ताणली जाते, तुम्ही बँडएड लावाल आणि पहिल्यांदा जिना उतरताना ती जखम परत उघडेल, मग उघडत-मिटत महिनाभर चिघळत बसते आणि शेवटी पसरट व्रण राहतो.

पण टाके ही खरं तर दुय्यम गोष्ट आहे. गुडघ्याच्या बाबतीत खरा प्रश्न असतो की खाली किती खोल गेलंय. वाटीच्या पुढे हाड आणि कातडी ह्यांच्यामध्ये फारसं मांस नसतं, एक पातळ पिशवी असते (बर्सा म्हणतात तिला, कातडी हाडावर सरकावी म्हणून), आणि वाटीच्या दोन्ही बाजूंना आणि खाली थोडं आत गेलं की सांध्याचं आवरण. ते फाटलं तर बाहेरची माती सरळ सांध्यात, आणि सांध्यात पू झाला तर काही दिवसांत आतली कूर्चा खराब होते, ती परत येत नाही.

आणि तुम्ही पडलात तेव्हा गुडघा वाकलेला होता ना? सायकलवर असतोच. म्हणजे दगड लागला तेव्हा कातडी ताणून एका जागी होती आणि खालचे थर वेगळ्या जागी. आता पाय सरळ करून बघितलं की कातडी सरकते, तिचं भोक एकीकडे आणि आतलं भोक दुसरीकडे, मधे थर आडवा येतो आणि जखम उथळ वाटते. नवीन मुलंमुली इथेच फसतात. म्हणून डॉक्टरांना आवर्जून सांगा की पडताना गुडघा वाकलेला होता, ते भूल देऊन मग वाकवून आत बघतील. तुम्ही घरी बघू नका.

तोवर घरी एकच तपासा. पाठीवर झोपून गुडघा न वाकवता अख्खा पाय सरळ वर उचला, टाच जमिनीपासून वीतभर वर आली पाहिजे. दुखलं तरी चालेल, पण उचलताच आला नाही किंवा गुडघा लटकन वाकला तर वाटी मोडलेली असू शकते नाहीतर वाटीखालचा दोर, म्हणजे जो नडगीच्या हाडाला जोडलेला असतो तो, तुटलेला असू शकतो. चालता येतंय म्हणजे सगळं ठीक असं नसतं. आणि जखमेतून रक्त नसताना पारदर्शक, फिकट पिवळं, बोटांत धरलं तर तार सुटेल असं बुळबुळीत पाणी येतंय का बघा, ते सांध्यातलं वंगण असतं.

बधिरपणाचं घाबरू नका. वाटीच्या आतल्या बाजूने एक बारीक संवेदनेची नस आडवी जाते, ती गुडघ्याच्या चिरेत नेहमी सापडते, त्याने हालचालीला काही होत नाही. हाच मार बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली जो हाडाचा गोळा हाताला लागतो तिथे बसला असता आणि पाऊल वर उचलता येत नसतं, तर वेगळी गोष्ट होती, तिथून जाणारी नस पाऊल उचलणाऱ्या स्नायूंची असते.

आता निघण्याआधी एवढंच करा. हात साबणाने धुवा, जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं धरा, पिण्याचं पाणी असेल तर ते चालतं, निर्जंतुक सलाईनच पाहिजे असं नाही. वरवरची खडी वाहून जाईल, घट्ट बसलेले कण टोकरू नका, ते तिथे भूल देऊन काढतील. स्वच्छ कापड नाहीतर गॉज ठेवून पट्टी बांधा आणि पाय सरळ ठेवून गाडीत बसा. सायकलवर जाऊ नका म्हणजे मिळवली.

घसरलोपडलो | रात्री 9:21

पाय उचलता आला!! दुखतंय पण टाच वर गेली. पाणी वगैरे काही नाही, फक्त गुलाबीसर ओलं आहे. निघतोय. स्पिरिटने काही बिघडलं का?

रात्रपाळी | रात्री 9:24

एकदा ओतल्याने फार नाही, पण स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, दाट आयोडीन हे उघड्या जखमेत जंतूंबरोबर आपल्या जिवंत पेशीही मारतात. आजूबाजूची कातडी पुसायला ठीक. जा आता, लिहीत बसू नका.

दगडफूल | रात्री 9:47

रात्रपाळींनी वाकलेल्या गुडघ्याचं लिहिलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण माझं नेमकं हेच झालं होतं. मी जिन्यावरून पडलो होतो, हातात काचेचा ग्लास, त्याचा तुकडा वाटीच्या बाहेरच्या बाजूला घुसला. तुकडा मीच उपटून काढला (हेही करू नये हे नंतर कळलं, खोल रुतलेली वस्तू तशीच ठेवून भोवती कापड रचून न्यायची असते, कारण कधीकधी तीच रक्तवाहिनी दाबून धरत असते). चीर दीड सेंटिमीटरसुद्धा नव्हती. जवळच्या एका दवाखान्यात गेलो, त्यांनी पाय सरळ ठेवून बघितलं, वरवरची आहे म्हणाले, दोन टाके, गोळ्या, घरी.

तिसऱ्या दिवशी पहाटे ठणक्याने जाग आली. गुडघा फुगलेला, हात लावला तर गरम, ताप, आणि कोणी पलंगाला धक्का दिला तरी ओरडत होतो. जखम बाहेरून मात्र छान दिसत होती, लालसुद्धा नव्हती विशेष! म्हणून त्या दिवशी दुपारपर्यंत सगळे म्हणत होते मुका मार असेल. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात सुईने सांध्यातलं पाणी काढलं, ते गढूळ निघालं, आणि त्याच रात्री ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन सांधा धुतला, दोन दिवसांनी परत एकदा धुतला, पुढे कित्येक आठवडे अँटिबायोटिक. वर काचेचा एक बारीक कण आतच होता. काच एक्सरेत बहुतेक वेळा दिसते, पण एक्सरे काढलाच नव्हता पहिल्या वेळी. (लाकडाची कुसळ असेल तर मात्र एक्सरेत बहुधा दिसत नाही, त्याला सोनोग्राफी लागते, हे नंतर मला तिथल्याच एकांनी सांगितलं.)

आज गुडघा 120 अंशांपर्यंत वाकतो, मांडी घालून बसता येत नाही. पहिल्या डॉक्टरांवर राग होता, आता तेवढा नाही, पण मी सांगितलं असतं की पडलो तेव्हा गुडघा मुडपलेला होता तर कदाचित त्यांनी वाकवून बघितलं असतं. म्हणून लिहितोय.

चिंगीचीआई | रात्री 10:05

धागा वाचून धसकाच घेतला. माझी सहा वर्षांची, दर आठवड्याला ढोपर फोडून येते, खरचटलेलं असतं फक्त, पण खपली धरली की ही खेळताना परत काढते. मी गॉज लावते तर तो चिकटून बसतो, काढताना सगळी खपली त्याच्याबरोबर येते आणि घर डोक्यावर घेते. आणि खपलीखाली पिवळं पिवळं दिसतं, तो पू का?

अनुभवी_माणूस | रात्री 10:18

@चिंगीचीआई, काही लावू नका. उघडी ठेवा, वारा लागू द्या, सुकून कडक खपली धरली की आपोआप पडते. आमच्या लहानपणी कोणी पट्ट्या लावल्या होत्या? हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं, फेस आला की समजायचं जंतू मेले, बास. हल्ली सगळ्याचंच अवडंबर.

रात्रपाळी | रात्री 10:40

@अनुभवी_माणूस, काका, फेस येतो तो जंतू मेल्याचा नाही. रक्तात आणि आपल्या पेशींत एक एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडतं आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात, रक्ताच्या स्वच्छ थेंबावर टाकलंत तरी तितकाच फेस येईल. आणि वारा लागू देण्याबद्दल, जॉर्ज विंटर म्हणून संशोधक होते, त्यांनी 1962 साली डुकरांच्या जखमांवर करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने चढते. कारण साधं आहे, नवी कातडी कडेकडून सरकत मधे येते आणि तिला सरकायला ओल लागते, कडक खपली असली की तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. उघडी ठेवली तरी भरते, नाही म्हणत नाही, तुम्ही आम्ही सगळे तसेच मोठे झालो, पण उशिरा भरते आणि गुडघ्यावर तर ती खपली दर वाकण्याला तडकते.

@चिंगीचीआई, तुमच्या लेकीचं सोपं आहे. पाणी आणि साध्या साबणाने धुवायचं (साबण कडेच्या कातडीला, आत नुसतं पाणी), मातीचे कण राहू द्यायचे नाहीत. मऊ कापड ओलं करून हलक्या हाताने पुसलं की बहुतेक निघतात, नाहीतर चिमटा स्पिरिटने पुसून एकेक उचलायचा. रडेल, पण ते कण आत राहिले तर कातडी वरून बंद होते आणि निळसर काळे ठिपके गोंदल्यासारखे कायमचे राहतात. मग साधं पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायचं, अँटिबायोटिक मलम लागतंच असं नाही, आणि वर न चिकटणारं ड्रेसिंग. गॉज चिकटला असेल तर ओढायचा नाही, कोमट पाण्याने पाच मिनिटं भिजवायचा, आपोआप सुटतो. रोज बदलायचं, ओलं किंवा घाण झालं तर लगेच.

पट्टी गुडघ्यावर टिकत नाही ही सगळ्यांचीच तक्रार असते. ती सरळ पायावर लावतात म्हणून निघते. गुडघा थोडा वाकवून लावायची, आणि चिकटपट्टीची दोन्ही टोकं कात्रीने उभी चिरून घ्यायची, म्हणजे एका पट्टीला चार पाय होतात. वरचे दोन वाटीच्या वरून तिरके, खालचे दोन खालून तिरके. मधली जागा हलायला मोकळी राहते.

पिवळ्याचं म्हणाल तर पातळ, चिकट, पिवळसर पापुद्रा आणि वास नाही, आजूबाजूला नवीन लाली नाही, दुखणं रोज कमी होतंय, तर तो पू नव्हे, जखम भरतानाचा नेहमीचा थर आहे. खरवडू नका. पू दाट असतो, वास येतो, आणि मुख्य म्हणजे दुखणं दोन दिवसांनंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं.

टिवल्याबावल्या | रात्री 10:52

चार पायांची पट्टी भारी आहे. एवढी वर्षं क्रिकेट खेळून हे माहीत नव्हतं.

बाय द वे हल्ली ग्लूने चिकटवतात ना जखमा? टाके कशाला मग?

रात्रपाळी | रात्री 11:03

कपाळावर, लहान मुलांच्या हनुवटीवर ग्लू छान. गुडघ्यावर ताण एवढा असतो की ग्लू एकट्याने टिकत नाही, पाय प्लॅस्टर केल्यासारखा स्थिर ठेवला तरच. म्हणून सांध्यावर टाकेच. ड्युटी आहे, निघते.

घसरलोपडलो | रात्री 1:35

आलो परत. झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

आधी एक्सरे, वाटी शाबूत, आत काही अडकलेलं नाही, सांध्यात हवाही नाही (हवा दिसली तर सांधा उघडलाय असं समजतात म्हणे). मी तुमचं सांगितलेलं वाक्य म्हटलं, पडताना गुडघा वाकलेला होता. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे आणि विचारलं, तुम्ही मेडिकलचे का. मी म्हटलं नाही हो, इंटरनेटचा. हसले, आणि मग भूल देऊन खरंच वाकवून बघितलं.

तरी त्यांचं समाधान होईना, चीर सांध्याच्या आवरणाच्या फार जवळ आहे म्हणाले. मग एक प्रकार केला तो मी विसरणार नाही. वाटीच्या वरच्या बाजूने, जखमेपासून लांब, सुई सांध्यात घातली आणि मोठ्या सिरिंजने सलाईन भरायला लागले. पन्नास, शंभर, दीडशे मिलीच्याही पुढे. गुडघा हळूहळू नारळासारखा गोल व्हायला लागला, वाटी वर तरंगल्यासारखी झाली, आतून असा दाब की वाटलं फुटतो आता. आणि डॉक्टर, सिस्टर दोघंही जखमेकडे डोळे लावून, कुठून थेंब येतो का. मी म्हटलं हे तर पंक्चर काढतात तसं झालं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतात, फक्त इथे पाणी आत आणि आपण बाहेरून बघतोय. म्हणाले अगदी तेच. थोडं भरून लीक दिसलं नाही म्हणून थांबायचं नसतं, छोटं भोक असेल तर भरपूर भरल्यावरच गळतं. मग भरलेल्या गुडघ्यासकट हळूहळू वाकवला, सरळ केला. थेंब नाही आला. सलाईन परत काढून घेतलं.

फक्त पुढची ती पिशवी उघडली होती. सिरिंजने जोरात पाणी मारून मारून धुतली, किती बाटल्या संपल्या मोजल्या नाहीत, कडेचे मेलेले तुकडे कात्रीने कापले, खडी ब्रशने घासून काढली (भूल होती म्हणून जिवंत आहे). सहा टाके. पायाला मागून पट्ट्यांचा स्प्लिंट, सात दिवस गुडघा वाकवायचा नाही. पिशवी उघडली होती आणि माती होती म्हणून अँटिबायोटिक पाच दिवस, एरवी साध्या चिरेला देत नाही म्हणाले.

धनुर्वाताचं इंजेक्शन दंडात घेतलं. मी विचारलं, सायकल गंजलेली नाही तरी? तर म्हणे गंजाचा संबंध नाही, ते जंतू मातीत आणि शेणात असतात. स्वच्छ किरकोळ जखम असेल तर शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असतील तरच, मातीची किंवा खोल असेल तर पाच वर्षं झाली तरी घ्यायचं. लहानपणीचे डोस पूर्ण झालेच नसतील तर त्याबरोबर अजून एक तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन लागतं. माझे लहानपणीचे झालेत, आईला रात्री बारा वाजता फोन करून विचारलं, तिने आधी काय झालं म्हणून किंकाळी फोडली.

आणि सकाळी गेलो असतो तर? विचारलं मी. म्हणाले पूर्वी सहा तासांनंतर शिवायचं नाही असा नियम होता, आता तेवढं कडक धरत नाही, पण मातीची जखम रात्रभर ठेवून आला असता तर कदाचित लगेच शिवली नसती, उघडी ठेवून चारपाच दिवसांनी स्वच्छ आहे बघून शिवली असती. बायकोने हे ऐकलं. आता मला आयुष्यभर ऐकायला लागणार.

घसरलोपडलो | तिसरा दिवस, सकाळी 7:50

@रात्रपाळी, टाक्यांच्या भोवती गुलाबी लाल कड आलीये, चारपाच मिलिमीटर असेल. ताप नाही. दगडफूल यांचं वाचल्यापासून तासातासाला बघतोय. जायचं का परत?

रात्रपाळी | तिसरा दिवस, सकाळी 8:15

रात्रपाळी संपवून आत्ताच आले, बरं झालं बघितलं. बॉलपेनने त्या लालीच्या कडेवरून रेघ मारा आणि वेळ लिहा पायावरच. टाक्यांच्या लगतची बारीक गुलाबी कड पहिले तीनचार दिवस असते, सुईची भोकंच असतात ती. दुपारी बघा. रेघ ओलांडून लाली पुढे गेली, किंवा रेघेबाहेर लाल दोरा मांडीकडे चढताना दिसला, किंवा ताप, पू, ठुसठुस वाढणं ह्यातलं काही झालं तर फोन न करता सरळ जा. आणि सगळ्यात महत्त्वाचं दगडफूल यांनी सांगितलंच आहे, जखम बाहेरून चांगली दिसत असली तरी सांधा फुगला आणि इंचभर हलवला तरी जीव जातो असं झालं तर तो तातडीचाच मामला. डायबेटिस नाही ना तुम्हाला? असेल तर वाट बघायचीच नाही.

बसताना पाय खुर्चीवर, टाच कमरेच्या वर असेल असा. सूज उतरली की टाक्यांवरचा ताणही उतरतो.

घसरलोपडलो | तिसरा दिवस, संध्याकाळी 6:30

लाली रेघेच्या आत आली! डायबेटिस नाही. पायावर "8:20 स." असं लिहिलंय, मुलगा विचारतोय बाबा हे टॅटू का.

चिंगीचीआई | पाचवा दिवस, दुपारी 2:10

अहो चार पायांची पट्टी तीन दिवस टिकली!! म्हणजे बदलतेय रोज, पण मधे निघत नाही. आणि भिजवून काढली तर हूं की चूं नाही. आता तिला पट्टी आवडायला लागलीये, बऱ्या झालेल्या गुडघ्यावर पण लाव म्हणते.

घसरलोपडलो | चौदावा दिवस, रात्री 9:00

आज टाके निघाले. मला वाटलं होतं आठवड्यात काढतील, मित्राच्या भुवईचे पाचव्या दिवशी काढले होते, पण गुडघ्याला 10 ते 14 दिवस ठेवतात म्हणे. काढल्यावर वरून कागदी चिकटपट्ट्या आडव्या लावून दिल्या, आपोआप पडेपर्यंत ठेवा म्हणाले. आठव्या दिवशी स्प्लिंट काढला तेव्हा गुडघा लाकडासारखा झाला होता, रोज पलंगाच्या कडेला बसून थोडा थोडा लोंबकळत सोडतोय, आता काटकोनाच्या पुढे जातो.

दोन शंका. बधिर चकती अजून आहे, जिऱ्याएवढी का होईना कमी झाली असं वाटतं, पण मधूनच मुंग्या येतात. आणि सायकल कधी?

रात्रपाळी | चौदावा दिवस, रात्री 11:20

मुंग्या येणं हे चांगलं लक्षण आहे, बारीक नसा परत येताना तसं होतं. काही महिने लागतात. कधीकधी एक छोटा तुकडा कायम बधिर राहतो, पण काही दिवसांनी लक्षातही राहत नाही, फक्त गुडघ्यावर टेकून बसलं की वेगळं लागतं.

सायकलची घाई नको. बाहेरून मिटली तरी ह्या वेळी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या दहा टक्क्यांच्या आसपासच असते, व्रण पूर्ण पिकायला वर्ष जातं आणि तेव्हाही 80 टक्क्यांच्या वर जात नाही. दुखल्याशिवाय पूर्ण वाकायला लागला की आधी घरातली स्थिर सायकल, मग बाहेर. गुडघे टेकून फरशी पुसणं, बागकाम वगैरे महिनाभर दुसऱ्या कोणालातरी द्या. व्रणावर ऊन लागू देऊ नका, काळा पडतो, निदान पहिलं वर्ष फुल पँट नाहीतर सनस्क्रीन.

दगडफूल | चौदावा दिवस, रात्री 11:31

अभिनंदन. खरंच बरं वाटलं वाचून.

घसरलोपडलो | चौदावा दिवस, रात्री 11:40

फरशी पुसण्याचं बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, उभ्याने पुसायचं फडकं मिळतं. सायकलचं पुढचं चाक वाकडं झालंय, त्याचा वेगळा धागा काढतो उद्या.